कवठाचा गर : महाशिवरात्रीपासून मृगापर्यंत

कवठाचे झाड वाशीम जिल्ह्यात सहसा कुणी मुद्दाम लावत नाही. वावराच्या धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला, एखाद्या जुन्या देवळामागे ते आपोआप उगवते, अंगावरच्या काट्यांमुळे गुरांच्या तोंडातून वाचते आणि मालकाचे लक्ष जाईपर्यंत चांगले डेरेदार झालेले असते. बीपासून वाढलेल्या झाडाला पहिले फळ धरायला पंधरा वर्षेही लागू शकतात. इतकी वर्षे थांबून कुणी बाग लावत नाही, त्यामुळे कवठ बांधावरचे फळ म्हणूनच राहिले. त्याला फवारणी नाही, पाण्याची पाळी नाही आणि व्यापाऱ्याशी आगाऊ सौदाही नाही. हंगामात फळे गळतात, पोरे दगड मारून पाडतात, काही आठवडी बाजारात फारीवर येतात आणि उरलेली झाडाखालीच फुटून वाळतात.

हा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि महाशिवरात्रीच्या आसपास त्याला सर्वांत जास्त गिऱ्हाईक असते. उपासाला कवठ चालते, त्यामुळे माघ वद्य चतुर्दशीच्या आदल्या दिवशी वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील बाजारांत कवठांचे ढीग लागतात. शिवरात्र उलटली की मागणी एकदम खाली येते. कवठाच्या सरबताची खरी गरज मात्र त्यानंतर लागते. चैत्र-वैशाखात विदर्भाचा पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो, घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि आंबट-गोड, थंड काही प्यावे असे वाटते तेव्हा कवठ बाजारातून गेलेले असते. फळ आणि त्याची गरज यांच्यात दोन-तीन महिन्यांचे अंतर पडते. ७-८ जूनला मृग लागून पहिला पाऊस येईपर्यंत ते भरून काढायचे, तर गर बाटलीत टिकवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. घरगुती परिरक्षणाचे एवढे सरळ कारण फार थोड्या फळांच्या बाबतीत सापडते.

कवठाचे शास्त्रीय नाव लिमोनिया ॲसिडिसिमा. लिंबू, संत्री, मोसंबी आणि बेल ज्या रुटेसी कुळात मोडतात, त्याच कुळात कवठही आहे. बेलाशी त्याची गल्लत होते, विशेषतः शहरात. दोन्ही फळांचे कवच टणक असते. पण बेलाचा गर पिवळसर-नारिंगी, चिकट आणि गोड वासाचा, तर कवठाचा तपकिरी, आंबट आणि बारीक बियांनी गच्च भरलेला. कवठाची मोठी व गोडसर फळे देणारी आणि लहान व अधिक आंबट फळे देणारी अशी दोन प्रकारची झाडे आढळतात. हातात घेऊन खायला मोठे कवठ चांगले. बाटलीत भरण्यासाठी मात्र लहान, आंबट कवठच अधिक कामाचे, आणि बाजारात तेच स्वस्त मिळते.

कवठाचे हेच आप्त संत्रे वाशीम जिल्ह्याचे मानाचे फळ आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन-तुरीचा म्हणून ओळखला जातो. तरी मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत आणि फळप्रक्रियेचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा तिकडेच वळतात. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की काही वेळाने तो कडू होऊ लागतो. सालीत, फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांत असलेल्या घटकांपासून रसात लिमोनिन तयार होते. हा दोष त्याचा. कारखान्यात यावर उपाय आहेत, घरच्या पातेल्यात ते जमत नाहीत. कवठाचा गर उकळला तरी कडू होत नाही. त्याची चव मुळातच इतकी ठसठशीत असते की उष्णतेने थोडी उणावली तरी ओळखू येते. चुलीवर चढवायचे फळ निवडायचे झाले, तर बागेतल्या संत्र्यापेक्षा धुऱ्यावरचे कवठ सरस ठरते.

कवठ शिजवून टिकवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिचे सर्वांत परिचित रूप कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला दिसते. दत्तदर्शनाला गेलेला माणूस तिथून पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन परततो. ज्या नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्यामुळे ती वाडी तीर्थक्षेत्र झाली, त्यांचा जन्म परंपरेनुसार वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड येथे झाला. कारंज्याला गुरुमंदिर आहे, भाविकांची ये-जा बारा महिने असते आणि आसपासच्या शिवारात कवठाची झाडेही आहेत. बर्फीचे नाव मात्र वाडीचे झाले. साखरेत आटवलेला कवठाचा गर प्रवासात टिकतो आणि त्याला गिऱ्हाईकही मिळते, हे त्या बर्फीने केव्हाच सिद्ध केले आहे. वऱ्हाडात घरोघर होते ती चटणी वेगळी. गर, गूळ, जिरे, तिखट, मीठ असे एकत्र कुस्करायचे आणि दोन-तीन दिवसांत संपवायचे. साठवण्याचा विचार तिच्यामागे कधी नव्हताच.

श्रीलंकेत हेच फळ दिवुल या नावाने घरोघरी खाल्ले जाते. तिथे त्याचा जॅम आणि डबाबंद पेय किराणा दुकानात मिळते. वाशीमच्या बाजारात कवठ फळ म्हणूनच मिळते, बाटलीत क्वचितच. पाश्चात्त्य देशांत घरोघर बाटलीत भरायच्या फळाचे स्थान सफरचंदाला आहे. शरद ऋतूत सफरचंदे शिजवून, चाळून त्यांचा मऊ गर करायचा, गरम असतानाच काचेच्या बरण्यांत भरायचा, झाकण लावून बरण्या उकळत्या पाण्यात बुडवायच्या आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरवायच्या, ही तिकडच्या खेड्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिथल्या कृषी खात्यांनी बरणीचा आकार, गावाची उंची आणि उकळण्याची मिनिटे यांचे कोष्टकच छापलेले आहे. कवठाला असे सर्वमान्य कोष्टक नाही. दोन्ही फळे आंबट आहेत, दोन्हींत जेली धरवणारे पेक्टिन भरपूर आहे आणि दोन्हींचा गर घट्ट होतो. त्यामुळे सफरचंदाच्या कोष्टकावरून अंदाज बांधता येतो, फक्त तो थोडा सढळ ठेवावा लागतो.

अन्न हवाबंद करून उष्णतेने टिकवण्याचे तंत्र निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याच्या नावावर आहे. काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत पदार्थ भरून, बुचे घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत त्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून बसवली. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले आणि त्याच वर्षी त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. असे केल्याने अन्न का टिकते, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते. ते कारण लुई पाश्चरच्या १८६० च्या दशकातील कामातून उलगडले. सूक्ष्मजीव उष्णतेने मरतात आणि झाकण पक्के असेल तर नवे आत शिरत नाहीत. घरोघरच्या लोणच्याच्या बरण्यांना मात्र हा नियम लावू नये. लोणचे मीठ, तेल आणि आंबटपणा यांवर टिकते. बाटलीतला गर टिकतो तो उष्णता आणि झाकण यांवर. त्यातला आंबटपणा कमी पडला तर उष्णताही पुरेशी होत नाही.

म्हणून आधी आंबटपणाची बाब पक्की समजून घ्यायला हवी. आम्लता मोजण्याच्या पीएच मोजपट्टीवर ४.६ हा आकडा निर्णायक आहे. त्याच्या खालच्या, म्हणजे अधिक आंबट पदार्थांत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकत नाहीत, आणि बाकीचे यीस्ट, बुरशी व जिवाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरतात. त्याच्या वरच्या पदार्थांत, म्हणजे डाळी, मटार, बहुतेक भाज्या, मांस यांत, बॉट्युलिझमचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. असे पदार्थ घरी बाटलीबंद करायचे तर त्यांना दाबाखालची, ११५ अंशांवरची उष्णता मोजून द्यावी लागते. ते काम रोजच्या कुकरवर अंदाजाने करण्याचे नाही. आंबट कवठ या रेषेच्या पुष्कळ खाली असते. पण झाडावर पूर्ण पिकून गोडसर झालेले मोठे कवठ, त्यात घातलेला गूळ आणि वर ओतलेले पाणी, हे सगळे मिळून तो आकडा वर सरकू शकतो. यासाठी एक किलो गाळलेल्या गरामागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल घालण्याची शिस्त पाळावी. पीएचचा कागद जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. गर ४ किंवा त्याखाली आला की मन निश्चिंत होते. चवीवर विसंबणे बरे नाही, कारण साखर घातली की जिभेला आंबटपणा कळेनासा होतो आणि मोजपट्टीवर तो तसाच राहतो.

फळाची निवड घाईने करू नये. कवठ पिकले की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. फळ वीतभराहून थोडे वर धरून फरशीवर सोडायचे. कच्चे कवठ टणकन उसळते, तयार झालेले जागीच बसते. कच्च्या गरात तुरटपणा फार असतो आणि कितीही साखर घातली तरी तो जात नाही. उतरवलेली फळे उन्हात दोन आठवडे ठेवली की चांगली पिकतात. बाजारात ढिगातून निवडताना प्रत्येक कवठ हातात तोलून पाहावे. हत्ती कवठ गिळतो आणि कवच अखंड राहून आतला गर तेवढा नाहीसा होतो, अशी जुनी समजूत आहे. गजभुक्तकपित्थ न्याय म्हणतात तो तिच्यावरूनच आला. बाहेरून धडधाकट दिसणारे पण आत वाळून किंवा किडून पोकळ झालेले कवठ पाहिले की ही समजूत कशी रुजली असेल ते कळते. हलके लागणारे फळ बाजूला टाकावे. ज्याच्या कवचाला बारीक तडा गेला आहे आणि नाकाजवळ नेले की आंबूस दारूसारखा वास येतो, तेही घेऊ नये. तड्यातून हवा आत गेलेली असते आणि आंबण्याची सुरुवात झालेली असते.

फळे आधी पाण्यात घासून स्वच्छ करावीत. कवच फेकून द्यायचे असले तरी फोडताना त्यावरची माती गरात पडतेच. ओट्यावर दुमडलेले फडके घालून त्यावर कवठ उभे धरावे आणि वरवंट्याचा एक ठोका मध्यरेषेवर द्यावा. नेम बरोबर बसला तर कवचाच्या दोन वाट्या होतात. चुकला तर कवचाचे बारीक कपचे गरात घुसतात आणि ते वेचण्यात अर्धा तास जातो, म्हणून गर लगेच न काढता आधी चांगल्या उजेडात नीट पाहून घ्यावा. पूर्ण पिकलेला गर कवचापासून सुटून गोळ्यासारखा हाती येतो, अर्धा पिकलेला चमच्याने खरवडावा लागतो. कवठाच्या एकूण वजनात गराचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास असतो. पाच किलो फळांतून बियांसह पावणेदोन-दोन किलो गर धरावा. बाकीचे सगळे कवच. बाजारभाव ऐकून फळ स्वस्त वाटते, पण हिशेब गराच्या किलोवर केला तर तो पावणेतिप्पट पडतो.

गर आणि तितकेच पाणी एकत्र करून, लाकडी डावाने कुस्करून तासभर भिजत ठेवावे. मग मंद आंचेवर कोमट करून पुरणयंत्रातून फिरवले की बिया आणि दोरे वेगळे होतात. पुरणयंत्राची चाळणी बारीक घ्यावी. मिक्सर वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यात बिया फुटतात आणि गराला चरचरीतपणा येतो. सगळी भांडी स्टेनलेस स्टीलची असावीत. लोखंडाच्या कढईत कवठातील तुरट द्रव्ये लोखंडाशी मिळून गर काळा पडतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तर आंबट पदार्थ शिजवूच नये. काठाशी कुठे कल्हई गेलेली आहे याचा पत्ता बहुधा भांडे घासतानाच लागतो.

चाळलेल्या गरातून पुढे तीन वाटा फुटतात. नुसता गर बाटलीत भरायचा, साखरेबरोबर आटवून जॅम किंवा जेली करायची, अथवा पातळ करून सरबताचे सिरप बनवायचे. उन्हाळ्यात उपयोगी पडतो तो मुख्यतः पहिला प्रकार. त्यातून सरबत होते, चटणी होते, आयत्या वेळी बर्फीही करता येते.

गर भरायच्या बरण्या अर्ध्या लिटरच्या किंवा त्याहून लहान असाव्यात. घट्ट गरातून उष्णता सावकाश आत शिरते. मोठ्या बरणीत कडेचा गर उकळत असतानाही मधला कोमटच राहतो. बरण्या साबणाने धुऊन, पाण्यात दहा मिनिटे उकळून गरम ठेवाव्यात. झाकणे नवीनच घ्यावीत. सॉसच्या किंवा मधाच्या रिकाम्या बाटल्या वापरायला हरकत नाही, पण त्यांच्या जुन्या झाकणाच्या आतली रबरी कड एकदा दबलेली असते आणि दुसऱ्यांदा ती हवाबंद बसेल याचा भरवसा नाही. तालुक्याच्या गावात पॅकिंग साहित्याच्या दुकानात झाकणे सुटी मिळतात. बरणीच्या तोंडाचा व्यास मोजून न्यावा.

एक किलो गरामागे २०० ते २५० ग्रॅम साखर घातली तर रंग आणि चव चांगली राहते. साखर न घालताही गर टिकतो, कारण इथे टिकवण्याचे काम साखरेकडे नाही. लिंबाचा रस घालून गर उकळायला ठेवला की सतत हलवावा लागतो. आधी कडेला बुडबुडे येतात, मग मध्यभागी गराचे थबथबीत गोळे फुटून वर उडू लागतात आणि हातावर चटके बसतात. लांब दांड्याचा डाव आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. पूर्ण उकळी आल्यावर चार-पाच मिनिटांनी गर गरम बरणीत भरावा. वर अर्धा इंच जागा सोडावी. सुरीचे पाते कडेने फिरवून अडकलेली हवा बाहेर काढावी, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावा आणि झाकण हाताने बसेल तितकेच घट्ट करावे. काठावर गराचा एक थेंब जरी राहिला तरी झाकण पक्के बसत नाही. बाटल्या खराब होण्याची जी कारणे घरोघर सांगितली जातात, त्यांच्या मुळाशी बहुधा हा थेंबच असतो.

त्यानंतर उंच पातेल्यात तळाला फडके किंवा लोखंडी जाळी ठेवून बरण्या उभ्या कराव्यात. झाकणांवर इंचभर पाणी येईल इतके गरम पाणी घालून ते उकळावे. खळखळून उकळी आल्यानंतर वेळ मोजायला सुरुवात करायची. सफरचंदाच्या गराला वाशीमच्या उंचीवर अर्ध्या लिटरच्या बरणीसाठी २० मिनिटे लागतात. कवठ अधिक घट्ट असल्याने २५ मिनिटे धरावीत. उंचीचा प्रश्न इथे खरोखर येतो. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचावर आहे आणि तिथे पाणी शंभर अंशांना न उकळता साधारण ९८ अंशांच्या पुढे-मागे उकळते. फरक दिसायला दीड-दोन अंशांचा, पण मुंबईत छापलेल्या पुस्तकातली मिनिटे तशीच उचलून चालत नाहीत.

बरण्या बाहेर काढून लाकडी पाटावर किंवा जाड कापडावर, एकमेकींपासून अंतर ठेवून रात्रभर निवू द्याव्यात. थंड फरशीवर गरम बरणी ठेवली की तडकते. निवताना झाकणाचा मध्य आत खेचला जातो, बऱ्याचदा टप् असा आवाजही येतो. दुसऱ्या दिवशी मध्यावर बोट दाबून पाहावे. खाली-वर होणारे झाकण बसलेले नाही असे समजावे. ती बरणी चोवीस तासांच्या आत नवे झाकण लावून पुन्हा उकळावी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवावी.

जेलीच्या बाबतीत कवठाइतके बिनधोक फळ महाराष्ट्रात क्वचितच असेल. गरात ३ ते ५ टक्के पेक्टिन असते, त्यामुळे बाहेरून काही घालावे लागत नाही. गर पाण्यात अर्धा तास उकळून, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावा आणि खाली पडणारा रसच घ्यावा. फडके पिळले की जेली गढूळ होते. पेक्टिन तपासण्यासाठी चमचाभर थंड रसात दोन चमचे स्पिरिट घालून हलके हलवतात. एकसंध गोळा झाला तर रसाइतकीच साखर, तुटक तुकडे झाले तर पाऊणपट. हा नमुना विषारी असतो, तो लगेच फेकून द्यावा. रस आणि साखर मोठ्या आंचेवर उकळून पाण्याच्या स्थानिक उत्कलनबिंदूपेक्षा साडेचार अंश वर नेली की जेली तयार होते. पुस्तकांत १०५ अंश लिहिलेले असते ते समुद्रकाठचे. वाशीमला १०३ अंशांना थांबावे. त्यापुढे गेलेली जेली चिवट होते आणि चमच्याला ओढली जाते. थर्मामीटर नसेल तर गार बशीत थेंब टाकून बोटाने सरकवावा. सुरकुती पडली की आंच बंद करावी. चांगली जमलेली कवठाची जेली उजेडात धरली तर गडद तांबूस-जांभळी दिसते. तपकिरी गरातून असा रंग निघेल याची कल्पना आधी येत नाही.

जॅममध्ये गर चाळलेलाच पण न गाळलेला असतो आणि साखर किलोला किलो जाते. विकण्यासाठी केलेल्या जॅम व जेलीत फळाचा वाटा किमान ४५ टक्के हवा, असा अन्नसुरक्षा नियमांचा दंडक आहे. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशातही तो होता. जॅमची बाटली साखरेवर टिकते. विरघळलेले घटक ६५ टक्क्यांच्या वर गेले की सूक्ष्मजीवांना लागणारे पाणी उरत नाही. म्हणून ‘कमी साखरेचा घरगुती जॅम’ करायचा असेल तर त्याला गराप्रमाणे पाण्यात उकळण्याची वेळ द्यावीच लागते, साखर कमी करून नुसते झाकण लावणे पुरत नाही. सरबताच्या सिरपमध्ये साखर ४० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तिथे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. किलोला अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर, आणि चिमूट हे प्रत्येकाच्या बोटागणिक वेगळे माप आहे. ज्या घरात ग्रॅमचा काटा नाही तिथे हे रसायन वापरू नये. उष्णतेने बाटलीबंद केलेल्या गराला त्याची मुळीच गरज नसते.

गुळाचा आग्रह वऱ्हाडात स्वाभाविक आहे; साखरेतली कवठाची चटणी अनेकांना बेचव वाटते. पण गुळात मळी, माती आणि सूक्ष्मजीवांचे बीजाणू साखरेपेक्षा जास्त असतात आणि तो गराचा आंबटपणाही थोडा मारतो. गूळ वापरायचाच असेल तर त्याचा पाक करून, उकळून, फडक्यातून गाळून घ्यावा आणि लिंबाचा रस दुप्पट करावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गर बिनगुळाचा भरून ठेवायचा आणि बाटली उघडल्यावर गूळ, जिरे, तिखट घालून चटणी करायची.

घरापुरती पंधरा-वीस बाटल्यांची मर्यादा ओलांडून विक्रीकडे जायचे, तर गोष्टी बदलतात. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी, लेबलवर घटक, वजन, उत्पादनाची तारीख आणि मुदत हे सगळे येते. जिल्ह्यात प्रशिक्षणासाठी रिसोड तालुक्यातील करडा येथे सुविदे फाउंडेशनचे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही फार दूर नाही. बचत गटांना जोडणारी महिला आर्थिक विकास महामंडळाची आणि ‘उमेद’ची रचना गावोगावी पोचलेली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली गेली. पण कवठात अडचण यंत्राची कमी आणि मालाची जास्त असते. झाडे विखुरलेली, फळे एका वेळी तयार न होणारी, आणि गोळा करायला माणूस हवा. दहा गावांतल्या धुऱ्यांवरून पन्नास किलो कवठे जमवणे हे पुरणयंत्र फिरवण्याहून कठीण काम आहे. ज्या गटाने ते आधी आखले नाही, त्याची कढई शिवरात्रीनंतर थंड पडते.

साठवणीत वाशीमचा उन्हाळा हाच मोठा शत्रू आहे. टिनपत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या बरण्यांना एप्रिल-मेमध्ये दिवसभर भाजणी लागते. गर खराब झाला नाही तरी रंग काळवंडतो आणि चव उतरते. खाली जमिनीलगत, अंधाऱ्या कोपऱ्यात, मातीच्या भिंतीच्या खोलीत जागा मिळाली तर उत्तम. प्रत्येक बरणीवर तारीख लिहून जुनी आधी वापरावी. झाकण फुगलेले असेल, आतून बुडबुडे वर येत असतील, उघडताना फसकन गॅस सुटला किंवा वरच्या थरावर तंतू दिसले, तर चव न घेता ती बरणी टाकून द्यावी. वरची बुरशी काढून खालचा गर वापरण्याची सवय लोणच्यापासून लागलेली असते; इथे ती मोडावी. चांगली निघालेली बरणी उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावी. सरबतासाठी एक वाटी गराला चार वाट्या माठातले पाणी, चवीप्रमाणे साखर किंवा गूळ, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पुरे होते. भर उन्हातून घरी आलेल्याला ते लगेच करून देता येते.